माळ्यावरचा तीरकमठा

रामशेजच्या वेढ्यावर मी एक कादंबरी लिहिली आहे. तिच्या प्रती अजून गोदामात पडून आहेत, असे प्रकाशक मला वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्याच सुमारास, पत्राने कळवितात. तेव्हा वाचकांपैकी कोणी ती वाचली असेल अशी माझी समजूत नाही. तिच्या नवव्या प्रकरणात एक प्रसंग आहे. मोगलांची एक तुकडी किल्ल्याच्या पायथ्याच्या रानातून चालली आहे. वाटेवरच्या आंब्याच्या झाडावर एक आदिवासी तरुण दबा धरून आहे. तो फांदीवर ताठ उभा राहतो, कानापर्यंत प्रत्यंचा ओढतो आणि खालच्या सरदाराच्या छातीचा नेमका वेध घेतो. तो प्रसंग लिहिला त्या रात्री मला झोप आली नव्हती, इतका तो मला आवडला होता.

आमच्या शाळेत नवव्या इयत्तेत पेठ तालुक्यातला एक मुलगा आहे. राहतो वसतिगृहात. वाचनाच्या तासाला त्याने ग्रंथालयातून नेमके माझेच पुस्तक उचलले. मी मनातून सुखावलो. आठवड्याने तो पुस्तक परत करावयास आला आणि म्हणाला, "गुरुजी, हा पडेल."

"कोण पडेल?"

"हा झाडावरचा. फांदीवर ताठ उभा राहून कोणी तीर मारतो का? आणि पडला नाही तरी तीर लागायचा नाही. वरून जाईल."

मुलगा शाळेच्या तिरंदाजीच्या संघात आहे, तेव्हा त्याचे बोलणे हसून सोडून देण्यासारखे नव्हते. "वरून का जाईल?" असे मी विचारले. त्याला सांगता येईना. "आजाला ठाऊक आहे," एवढेच तो म्हणाला. मी इतिहासाच्या पुस्तकांत शोधू लागलो. कागदावर माझे शिक्षण मॅट्रिकचे. संस्कृत शिकलो ते एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या ओट्यावर, आणि तेही अर्धवट. पण शोधण्याची खोड मोठी आहे.

नाशिककराला धनुष्यबाणाचा इतिहास शोधायला दूर जावे लागत नाही. पंचवटीत आपण लहानपणापासून धनुर्धारी रामाच्या सावलीत वाढतो. सुवर्णमृगामागे राम गेला तो याच गोदाकाठच्या रानात, असे आपली आजी सांगे. ही झाली श्रद्धेची गोष्ट. दगडात कोरलेली गोष्ट पाहावयाची असेल तर पांडवलेण्यांच्या टेकडीवर चढावे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला. त्यात तिने आपल्या मृत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण आठवून आठवून सांगितले आहेत, आणि त्यांत 'एक धनुर्धर' असेही म्हटले आहे. म्हणजे ज्याला जोड नाही असा. आईने मुलाविषयी लिहिले आहे, तेव्हा थोडे डावे-उजवे करून वाचावे हे खरे. पण दुसरा एक पुरावा आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपान याची. त्या नाण्यांच्या एका बाजूस बाण आणि वज्र कोरलेले असे. यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला आहे. ज्याला आई 'एक धनुर्धर' म्हणते त्याने शत्रूच्या बाणावर घाव घातला, तो नाणी पाडण्याच्या हातोड्याने! मला या गोष्टीचे नेहमी हसू येते.

पण हे राजांचे धनुष्य झाले. माझा प्रश्न झाडावरच्या माणसाचा होता.

मग मी धनुर्वेदाकडे वळलो. अग्निपुराणात धनुर्वेदाचे काही अध्याय आहेत. धनुर्धराने उभे कसे राहावे हे त्यांत इतके बारकाईने सांगितले आहे, की वाचता वाचता मी स्वयंपाकघरात जाऊन तसा उभा राहून पाहिले आणि घरातल्यांची करमणूक केली. पाय जोडून उभे राहणे ते समपाद. दोन पावलांत तीन वितींचे अंतर ठेवून, गुडघे ताठ, ते वैशाख. चार विती म्हणजे मंडल. आणि पाच विती पाय फाकून उभे राहणे ते आलीढ. त्याच्याच उलट प्रत्यालीढ. आता वाचकांनीच विचार करावा. शेतातल्या माळ्याची रुंदी ती किती? पाच विती म्हणजे जवळजवळ अडीच हात. वीस फूट उंचीवर, बांबूच्या चार कामट्या बांधून केलेल्या जागेवर कोण आलीढ घालणार? ही सारी सपाट रणभूमीवरची, किंवा राजाच्या अंगणातल्या सरावाची आसने आहेत.

शिकारीचे उल्लेख आपल्याकडे विपुल आहेत. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकीत मृगयेला मानाचे स्थान आहे. दबा धरून मारण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र करमणुकीची नाही. दशरथ राजा रात्री शरयूच्या काठी लपून बसला, पाण्यावर येणाऱ्या जनावराची वाट पाहत. घागर भरल्याचा बुडबुड आवाज झाला, आणि त्याने शब्दवेधी बाण सोडला. बाण श्रावणाला लागला. आमच्या वर्गात ही कथा सांगताना मुले दरवेळी गप्प होतात. दिसत नसताना बाण सोडू नये, एवढे तिच्यातून कोणालाही कळते. पण दिसत असताना, वरून खाली, तो नेमका कसा सोडावा, हे वाल्मीकींना सांगण्याचे कारण नव्हते.

वरून खाली मारण्याचा खरा विचार आपल्याकडे झाला तो गड बांधणाऱ्यांकडून. सह्याद्रीतला कोणताही किल्ला नीट पाहिला तर तटाच्या भिंतीत तिरप्या भोकांच्या रांगा दिसतात. त्यांना जंग्या म्हणतात. जंगीचे भोक आतून बाहेर, खाली उतरते असते. आत उभा असलेला माणूस तिच्यातून तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर मारा करू शकतो. म्हणजे कोन पाथरवटानेच ठरवून दिलेला! गडकऱ्याने फक्त त्या कोनाला आपले शरीर जुळवून घ्यावयाचे. आणि मौज अशी, की ज्या रामशेजवर मी कादंबरी लिहिली तिथे उलटा प्रकारही घडला. १६८२ साली मोगलांनी या गडाला वेढा घातला. गडावर दारूगोळ्याचा तोटा होता, लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडी चढविली होती असे मोगलांकडचाच खाफीखान सांगतो. तरीही गड पाच वर्षांहून अधिक झुंजला. खालून वर मारा जमेना, तेव्हा शहाबुद्दीनखानाने लाकडाचा एक प्रचंड दमदमा उभारविला, गडाच्या उंचीशी बरोबरी करावी म्हणून. पाचशे माणसे त्यावर मावत असे वर्णन आहे. तो दमदमा म्हणजे एक राक्षसी माळाच म्हणावयाचा. मचाण हा शब्द आणि गडाची माची हा शब्द एकाच 'मंच' या संस्कृत शब्दाच्या घरातले आहेत, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. पण माझ्या आंब्यावरच्या तरुणाचे काय, हे काही सुटेना.

शेवटी गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी त्या मुलाबरोबर पेठच्या एस. टी.त बसलो. वाटेत रामशेज दिसला. मी नमस्कार केला, पुस्तकाबद्दल क्षमा मागितल्यासारखा. सावळघाट उतरून गेले की हवा बदलते. डोंगरउतारावर नागली पिकली होती. काही खाचरांतले भात कापून झाले होते. मुलाचा पाडा पंचवीस-तीस घरांचा. त्याच्या आजाने मला पाणी दिले, बसावयास घोंगडी दिली, आणि नातवाकडून सगळी हकीकत ऐकल्यावर तोंडाला हात लावून बराच वेळ हसला. "ताठ उभा केला काय गुरुजींनी त्याला!" तो म्हणाला. त्याचे वय ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकावर शस्त्रक्रिया झाली आहे, ती म्हणावी तशी उतरली नाही. माणूस समोर आला की ओळखतो, पण झाडावरचे पाखरू त्याला दिसत नाही.

नागलीच्या शेताच्या कडेला सादड्याच्या झाडावर त्यांचा माळा होता. रात्री रानडुकरे येतात, पहाटे पोपट. त्यांना हाकलण्यासाठी गोफण आणि पत्र्याचा डबा. तीर आता कोणी जनावरावर सोडत नाही. कायदा आहे, आणि जनावरेही राहिली नाहीत. माळ्याची उंची मी मुलाच्या मदतीने दोरीने मोजली: सहा मीटर. झाडाच्या बुंध्यापासून आठ मीटरांवर आम्ही केळीचा एक खुंट उभा केला आणि त्यावर पळसाचे एक पान टाचले.

तीरकमठा आजाचा. बांबूचा, साधारण छातीइतका उंच, आणि त्याची प्रत्यंचाही सुताची किंवा तातीची नव्हे. बांबूच्याच एका लवचिक कामटीची, दोन्ही टोकांना बांधलेली. आपल्या भागातले भिल्ल असाच कमठा करतात. आजा कोकणा; पण तरुणपणी कळवणच्या बाजूला मजुरीला गेला असता एका भिल्ल सोबत्याकडून त्याने हा नमुना उचलला आणि पुढे जन्मभर तसेच कमठे केले. पावसात सुताची दोरी सैल पडते, कामटी पडत नाही, हे त्याचे कारण.

प्रथम मुलाने खाली जमिनीवरून, दहा मीटरांवरून, तीन तीर सोडले. तिन्ही पानात. मग तो माळ्यावर चढला. पहिला तीर पानाच्या एक वीतभर वरून गेला. दुसराही तसाच. तिसरा खुंटाच्या डोक्यावरून. नंतर माझी पाळी. माझे तीर कुठे गेले हे लिहिण्यात अर्थ नाही. एक अजून सापडलेला नाही.

मी गणित शिकवीत नाही, पण त्रिकोण समोर उभा होता. उंची सहा, बुंध्यापासूनचे अंतर आठ, तेव्हा तिरके अंतर दहा. सातवीच्या पुस्तकातला त्रिकोण! जमिनीवरचे दहा आणि माळ्यावरचे दहा सारखेच. मग तीर वर का जावा? घरी येऊन मी हिशेब केला तो असा. अशा कमठ्याचा तीर सेकंदाला चाळीस मीटर जातो असे धरू. दहा मीटरांना पाव सेकंद. पाव सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे तीस सेंटिमीटर खाली येते. जमिनीवरून मारताना तिरंदाजाचा हात हे तीस सेंटिमीटर नकळत भरून काढतो. पण तिरप्या वाटेवर पृथ्वीची सगळी ओढ तीर वाकविण्यात खर्च होत नाही. काही भाग तीराला त्याच वाटेने पुढे ढकलण्यात जातो. आपल्या त्रिकोणात दहापैकी आठच भाग वाकविण्यासाठी उरतात. म्हणजे तीर तीसच्या ऐवजी चोवीस सेंटिमीटर वाकतो, आणि हात मात्र तीस भरून देतो. तीर सहा सेंटिमीटर वर लागतो. तीन बोटे.

तीन बोटे! मुलाचा तीर तर वीतभर वर गेला होता. बाकीची चूक पृथ्वीच्या माथी मारता येत नव्हती.

ती कुठली, ते आजाने आदल्या दिवशीच, हिशेबाशिवाय, सांगितले होते. नातवाचा पहिला तीर सुटला तेव्हा तो खाली झाडाला टेकून बसला होता. त्याला तीर दिसलाही नसावा. पण वर पाहून तो म्हणाला, "हात खाली केलास. कंबर कुठे हलली?"

मग तो स्वतः चढला. ऐंशीच्या घरातला माणूस, बुंध्याला टेकविलेल्या एका बांबूच्या खुंट्यांवर पाय देत. आम्ही दोघे खालून हात वर धरून उभे, जणू आम्ही त्याला झेलणार होतो. वर गेल्यावर त्याने प्रथम कमठा उचलला नाही. फांदीला बांधलेला एक जुना दोर घेऊन तो आपल्या कमरेला बांधला, ओढून पाहिला, मग त्या दोरावर सगळा भार टाकून माळ्याच्या कडेवरून बाहेर झुकला. एकदा, दोनदा. "आधी हे," तो म्हणाला. "पडेन असे वाटते तोवर माणूस वाकत नाही. नुसता हात खाली करतो."

त्यानंतर त्याने तीर चढविला, आणि खाली न पाहता, समोरच्या डोंगराकडे तोंड करून, सपाटीवर मारतो तसा कमठा पूर्ण ओढला. ओढलेल्या हाताची बोटे गालाच्या हाडाशी. दोन्ही खांदे आणि पुढचा हात एका सरळ रेषेत, मान त्या रेषेवर उभी. असे सगळे जुळल्यावर तो कमरेतून वाकला, बिजागरीवर दार फिरावे तसा. कमरेच्या वरचे काहीएक हलले नाही. डोंगराकडे असलेले तीराचे टोक केळीच्या खुंटाकडे आले. कमठ्याचे खालचे टोक माळ्याच्या काठाला लागू नये म्हणून त्याने तो किंचित आडवा कलता केला होता. तीर सुटला. सुटल्यावरही तो तसाच वाकलेला राहिला, मी मनात पाच मोजीपर्यंत.

"लागला का?" त्याने वरून विचारले. लागला होता, पानाच्या खाली चार बोटे. पान त्याला दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त खुंटाचा हिरवा ठिपका.

आता त्या वीतभर चुकीचा हिशेब. माणूस नुसता हात खाली करून आणि मान घालून नेम धरतो, तेव्हा ओढलेला हात गालाच्या हाडापासून निसटून खाली, जबड्याकडे येतो. म्हणजे तीराची खाच डोळ्यापासून दूर, खाली जाते; आणि मागचे टोक खाली गेले की पुढचे टोक वर होते, हे तराजू पाहिलेल्या कोणालाही कळेल. या तीराची ओढ पासष्ट सेंटिमीटर. मागे एक सेंटिमीटरचा फरक पडला तर दहा मीटरांवर तो पंधरा सेंटिमीटर होतो. त्यात पृथ्वीची सहा मिळवा. झाले एकवीस, वीत पुरी झाली! बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका हात घसरला होता, आणि तो घसरला होता कंबर न हलल्यामुळे, आणि कंबर हलली नव्हती पडण्याच्या भीतीमुळे. माझ्या नवव्या प्रकरणातल्या तरुणाला मी दोर दिला नव्हता.

रात्री शेकोटीशी बसलो असता मी आजाला विचारले, हे त्याला कोणी शिकविले. तो लगेच बोलला नाही. मग सांगितले ते असे. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना बापाबरोबर मोहाच्या झाडावर बसला होता. मोहाची फुले खायला पहाटे भेकर आले. बापाने त्याला खूण केली. त्याने हात खाली करून तीर सोडला. तीर वर, पाठीच्या कण्याच्या अलीकडे, कातड्यात घुसला आणि भेकर तीर घेऊन पळाले. बाप झाडावरून उतरला तो एक शब्द बोलला नाही. दोघे दिवसभर रक्तामागे फिरले. दोन ओढे ओलांडले. दुपारनंतर रक्त दिसेनासे झाले. भेकर सापडले नाही. "ओरडत होते रात्री," आजा म्हणाला. "भेकर ओरडते ते कुत्र्यासारखे. ते तेच होते की दुसरे, कोण सांगणार? मी तेच धरले." बापाने त्याच्याकडून कमठा काढून घेतला. पुढचा सगळा पावसाळा आणि हिवाळा त्याने रोज नुसते माळ्यावर चढून, दोर बांधून, तीराशिवाय वाकावयाचे, एवढेच काम. फाल्गुनात बापाने झाडाखाली पळसाच्या पानाचा द्रोण ठेवला आणि एक तीर दिला.

"लागला?" मुलाने विचारले. त्यालाही ही गोष्ट नवी असावी.

"पहिला नाही," आजा म्हणाला.

इतिहासाच्या मास्तराला अशा वेळी सनावळ्या आठवतात, ही आमच्या धंद्याची खोड. हा बाप ज्या काळात जन्मला त्याच्या आधीच त्याच्या तीरकमठ्याची गणना सरकारच्या दप्तरात झाली होती. १८७८ सालचा हत्यारांचा कायदा पाहावा. 'हत्यार' म्हणजे काय हे सांगताना बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्याच रांगेत धनुष्यबाणही बसविले आहेत. त्याच साली पेठचे संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले, आणि त्याच साली जंगलाचाही कायदा झाला. एकाच वर्षात हातातले हत्यार, डोक्यावरचे राज्य आणि पायाखालचे रान, तिन्ही दुसऱ्याच्या वहीत गेले! त्याच्याही आधी, १८२५ साली, खानदेशात औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली. वाघाच्या शिकारीतून त्याने भिल्लांचा विश्वास मिळविला, असे त्याचे चरित्रकार कौतुकाने लिहितात, आणि ते खोटे नाही. पण पलटणीत आलेल्या भिल्लाच्या हाती बंदूक आली. पुढे साहेबलोक मचाणावर बसू लागले ते रायफल घेऊन, आणि मचाण ज्यांचे होते ते खाली हाकाऱ्यात, डबे वाजवीत. शिकारीवर साहेबांनी लिहिलेली जाडजूड पुस्तके आहेत. मचाणावर सावली कशी करावी, चहा कसा न्यावा, हेही त्यांत सापडते. रायफलीची गोळी इतक्या वेगाने जाते, की तिला सहा मीटर उंचीचा फरक कळतही नाही. तेव्हा कंबर हा विषय त्यांत नसावा हे ओघानेच आले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ साली सगळ्या देशासाठी झाला. हे कायदे योग्यच होते, असे माझे मत आहे. आजाचेही तेच दिसले. "तेव्हा पोट होते," तो म्हणाला, "आता रेशन आहे." पण जनावर वाचविताना ते मारण्याची विद्याही आपोआप अडगळीत गेली, आणि तिच्यातले जे जनावराच्या दयेचेच होते, म्हणजे एका तीरात काम व्हावे, रात्रभर ओरडत फिरू नये, तेही तिच्याबरोबर गेले.

अर्थात जगातून ती गेलेली नाही. ऑलिंपिकमधील तिरंदाजी सत्तर मीटरांवर, सपाट मैदानात चालते. पण तिचाच एक दुसरा प्रकार आहे, रानावनातला, चढ-उतारावरचा. त्याच्या जागतिक स्पर्धा १९६९ पासून होत आहेत. तिथे दरीत ठेवलेल्या लक्ष्यावर बाण सोडावयाचा असतो, आणि तिथले शिक्षक सांगतात काय? आधी सपाटीवर ओढा, मग कमरेतून वाका. झाडावर बसून शिकार करणाऱ्या परदेशी धनुर्धरांना अंगाभोवती पट्टा बांधून तो झाडाला जोडण्याची सक्त ताकीद असते. हे वाचले तेव्हा मला आजाचा दोर आठवला. त्याने यातले काही वाचलेले नाही, त्यांनी आजाला पाहिलेले नाही. वाकणारी कंबर मात्र सगळीकडे एकच.

आपल्या महाराष्ट्राची या खेळातली मजल वाचकांना ठाऊक आहेच. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. आमच्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर या दोघांचे वर्तमानपत्रातले चित्र चिकटविलेले आहे. तो शाळेच्या धनुष्याने सपाटीवर चांगले मारतो, आणि माझी अपेक्षा आहे की जिल्ह्याच्या पुढे जाईल. त्याला माळ्यावरून मारण्याचा काही उपयोग नाही, असे आमच्या एका सहकाऱ्याने मला ऐकविले. नसेल.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. पण या डोंगराळ भागात ती वाघबारस. पाड्याबाहेर वाघदेवाचे लाकूड आहे, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. त्याला शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून, गुरांना आणि माणसांना सांभाळ अशी विनवणी करतात. गुराखी पोरे दिवसभर हुंदडत होती. पूजेला आजा पुढे होता. तिकडून परत येताना तो नातवाला म्हणाला, "जा, चढ." मुलगा चढला. दोर बांधला. झुकून पाहिले, एकदा झुकला तेव्हा माझा श्वास अडकला. मग त्याने तीर न लावताच कमठा ओढला, डोंगराकडे तोंड केले, वाकला आणि सावकाश सैल केला. पुन्हा ओढला. मी सकाळच्या उन्हात उभा राहून मोजीत होतो. तीस झाले तेव्हा मी म्हणालो, "बाबा, आता एक तीर द्यावा त्याला." आजाने ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि नागलीची कणसे कुरतडणाऱ्या पोपटांच्या दिशेने गोफण फिरविली.

तीर त्या दिवशी दिला नाही. मी दुपारच्या गाडीने परतलो. शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीत, नवव्या प्रकरणात, 'ताठ उभा राहतो' या शब्दांवर मी पेन्सिलीने काट मारली आहे आणि समासात 'दोर' असे लिहिले आहे. दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव, प्रकाशकांच्या पत्रावरून, दिसत नाही. मुलाचे पोस्टकार्ड शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी आले. त्यात तीन ओळी होत्या: नागली कापून झाली, माझा हरवलेला तीर बांधाच्या झुडपात सापडला, आणि आजाने अजून तीर दिलेला नाही, पण द्रोण केला आहे.